सोडून दिलेल्या जोड्या

सोलापुरात मी पीएच.डी. करत होते तेव्हा माझ्या शेजारी बसणारी सीनियर वळसंगची होती. कापड रंगवायच्या एका मोठ्या रेणूवर तिचं काम चाललेलं. तो उलगडून राहतो की घडी होऊन, एवढाच प्रश्न. उत्तर ऊर्जेच्या अगदी बारीक फरकावर ठरायचं.

तो फरक काटेकोर काढायचा तर रेणूतला प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकीच्यांना कसा टाळतो, ते सगळं मोजावं लागतं. विभागातल्या संगणकाला ते झेपणारं नव्हतं. म्हणून तिनं अंदाजाची पद्धत निवडली: इलेक्ट्रॉनांच्या जवळच्या जोड्या नीट मोजायच्या, लांबच्या सोडून द्यायच्या. लांबच्या म्हणजे किती, ते आपण ठरवायचं. मर्यादा कडक केली, म्हणजे कमी जोड्या सोडल्या, की मेमरी संपून गणित मध्येच बंद पडायचं, म्हणून तिनं ती सैल ठेवली. उत्तर आलं, रेणू उलगडलेला राहतो. आमच्या मार्गदर्शक सरांनी मान डोलावली.

तिचा प्रबंध बांधणीला जायच्या बेतात असताना मला पुण्यातला मोठा संगणक वापरायला मिळाला. सरावासाठी मी तिचाच रेणू घेतला, मर्यादा कडक केली. उत्तर उलटलं. आणखी कडक केली, तरी तेच. घडीच्या दोन थरांमधल्या लांबच्या जोड्या एकेकट्या नगण्य होत्या, पण इतक्या होत्या की सगळ्या मिळून घडी धरून ठेवत होत्या.

दुपारी कॅन्टीनमागच्या लिंबाखाली तिला सांगितलं.

"नक्की हाय का?"

"पुन्हा पुन्हा बघितलं."

"मग माझं सगळंच गेलं की."

"एक प्रकरण बदलावं लागेल फक्त," मी म्हणाले.

"पुढची सगळी त्याच्यावरच उभी हायत. तुला म्हाईत हाय."

सर निवृत्तीला आलेले, थकलेले. म्हणाले, "उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, असं एक वाक्य टाक आणि देऊन टाक."

"चुकीचं हाय हे कळल्यावर कसं देऊ, सर?"

त्यांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. तिला मुदतवाढ मिळाली, पण पुण्याचा संगणक वापरायची परवानगी तिला मिळाली नाही. घरचे लग्नाच्या मागे लागले होते. पावसाळा संपता संपता ती प्रबंध तसाच सोडून चिंचोळी एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तपासणीला लागली.

माझ्या प्रबंधात त्या रेणूवर एक प्रकरण आहे. ते घालू का, असं तिला फोनवर विचारलं होतं. मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"घाल की," ती म्हणाली. "मला आता त्याचं काय करायचंय?"

पदवी मिळाल्यावर मी फोन केला. तिनं उचलला नाही. नंतरही कधी उचलला नाही.