भात्यापुढची किटली

भात्याच्या पूजेला कारखान्याचं दार सताड उघडं ठेवायचं, हा जपानातल्या त्सुबामे गावचा नेम कुणी मोडल्याचं सुमिए तामाकीनं जन्मात ऐकलं नव्हतं. आज तिनं स्वतःच मोडला. सासागेंच्या तांबेकामाच्या कारखान्याच्या दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर गल्लीतली माणसं जमली होती. त्यांना प्रसादाची संत्री हवी होती आणि यंदा सासागेंनी काय नवीन घडवलंय ते बघायचं होतं.

"मेले की काय आतले?" शेजारचे पत्रेवाले मारुयामा बाहेरून ओरडले. "देव उपाशी, आम्हीपण उपाशी."

"देवाला धीर आहे, मारुयामासान. तुम्हालाच नाही," सुमिएनं आतून उत्तर फेकलं. आवाज हसरा ठेवला, पण दारावरची पाठ हलवली नाही.

भट्टीजवळ जुन्या लाकडी भात्यापुढं सगळं मांडून झालं होतं. लाल मासा होता, तांदळाची दारू होती, संत्र्यांची रास होती. मधली जागा तेवढी मोकळी. तिथं नव्या किटलीचा पहिला नग बसायचा. वर्षात जे नवं घडेल त्यातलं पहिलं भात्यापुढं ठेवायचं आणि मगच विकायचं, ही रीत थोरल्या मालकांच्या आज्यापासूनची होती.

घोळ तिथंच झाला होता.

सुमिए इथलीच. तिचा बाप चमचे घासायचा, आणि घरी येऊन नाक शिंकरलं की काळं यायचं. ती पोरवयात सासागेंकडं लागली ती किटल्या कागदात गुंडाळायला. पुढं खोकी, मग बंदरावरची कागदपत्रं. मागं कारखान्यानं चिंचोळ्या तोटीची कॉफीची किटली काढली, ती जगभर गाजली. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यानं तिची हुबेहूब नक्कल केली, वर तिकडं आपल्याच नावानं आकाराची नोंद करून टाकली. मग सासागेंचा अस्सल माल त्या बंदरावर नकली म्हणून अडला. खोकी परत आली ती सुमिएनंच सोडली. आपल्याच हातानं बांधलेली सुतळी कापताना तिला जे वाटलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती धाकट्या मालकांना म्हणाली, "आकाराची नोंद कशी करतात, ते मला शिकायचंय."

शिकली. निइगाताच्या कुवाबारा वकीलबाईंचं डोकं खाऊन खाऊन शिकली. आधी जपानात अर्ज घालायचा. मग सहा महिन्यांच्या आत जिनिव्हाच्या जागतिक कचेरीला एकच अर्ज धाडायचा, आणि चीन, कोरिया, युरोप, अमेरिका, जिथं जिथं पहारा हवा ते देश त्यात लिहायचे. सगळीकडं तारीख धरतात ती त्या पहिल्या, जपानातल्या अर्जाची, म्हणून तो जाईपर्यंत जगातल्या कुणाला वस्तू दिसू द्यायची नाही. तोक्योचं प्रदर्शन फेब्रुवारीत, म्हणून अर्ज जानेवारीत, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नवी किटली फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायची. गिऱ्हाईक सोडा, मारुयामांनाही दाखवायची नाही.

आणि नोव्हेंबरातली भात्याची पूजा तिच्या हिशेबात आलीच नाही. प्रदर्शन म्हणजे तोक्यो. पूजा म्हणजे देवाचं काम. देवापुढं ठेवलेली वस्तू सगळं गाव बघतं, दुकानदार बघतात, फोटो काढतात, हे माहीत असूनही डोक्यात शिरलं नव्हतं. आज सकाळी थोरले मालक कपाटातून किटली काढताना दिसले, तेव्हा शिरलं.

तिनं तिथल्या तिथं वकीलबाईंना फोन लावला होता.

"आपण स्वतः दाखवलेलं जपान वर्षभर माफ करतं," कुवाबाराबाई म्हणाल्या. "चीन नाही करत. गावच्या पूजेला तर नाहीच नाही. तामाकीसान, दार लावा. आधी अर्ज, मग दार. कुणी कोणत्या घटकेला फोटो टाकला यावर मला भांडत बसायचं नाही."

"पण आराखड्यात जुनी दांडी आहे. थोरल्या मालकांनी परवा परत बदलली."

"मग फोटो काढून पाठवा. सगळ्या बाजूंनी. आणि फोटोत असेल तीच दांडी देवापुढं जाऊ दे."

म्हणून आता पॅकिंगच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. धाकटे मालक हारुतोशी मोबाईल धरून वाकले होते, आणि किटलीच्या चकचकीत पोटात त्यांचंच तोंड उमटत होतं.

"माझं थोबाडपण नोंदवायचं का?" ते कुरकुरले.

"त्याची नक्कल कोण करतंय," म्हणत सुमिएनं किटलीवर टाल्कमची पावडर हलक्या हातानं थापली. चकाकी मेली. आकार तेवढा उरला.

थोरले मालक ग्योइची खुर्चीत बसून हे बघत होते. म्हातारा गावठी बोलायचा, आणि सुमिएला पोर असल्यापासून ओळखायचा.

"चोरानं बगू नये म्हनून देवालाबी डोळं मिटाय लावतीस व्हय गं?"

"थोडा वेळ फक्त, थोरले मालक."

"फडकं टाकून ठिवू म्हंतीस का देवापुढं? त्यो काय फडक्यावर खूश हुतोय?"

"फडकं नको. फोटो गेले की उघडीच ठेवू."

बाहेर दारावर थाप पडली. "कागामीसान आलेत," मारुयामा ओरडले. "त्यांना गाडी गाठायचीय."

कागामी म्हणजे ओसाकाचा व्यापारी. माणूस भला, पण बघेल ते फोनवर टाकायची खोड. त्याला बघणारे पार शांघायपर्यंत. हारुतोशींनी सुमिएकडं पाहिलं. "पुढून, मागून, डावीकडून झालं. उजवी राहिली."

तेवढ्यात म्हातारा उठला. टेबलाशी येऊन, डोळे बारीक करून त्यानं पांढऱ्याफटक किटलीकडं पाहिलं. मग हातोडी उचलली.

"दांडी पडतीया," तो म्हणाला. "मागं झुकलीया. चकाकीत दिसली न्हवती."

"बाबा, नाही," हारुतोशी म्हणाले. "आता हात लावायचा नाही. तीन फोटो गेलेत वकिलांकडं."

"गेलं तर गेलं. वाकडी हाय म्हंजे वाकडी हाय."

सुमिएनं किटलीवर पंजा ठेवला. या दांडीपायी म्हाताऱ्यानं वर्ष घालवलं होतं. त्याला थांबायचंच नसतं, हे सगळा कारखाना जाणून होता. आज एक ठोका, उद्या दुसरा. बाहेर कागामीचा आवाज येत होता, खिडकीची फट कुठं आहे विचारत होता.

ती वाकून बघायला लागली. आडव्या नजरेनं, कागदाच्या पातळीवरून. दांडी खरंच झुकली होती. केसभर. हीच नोंदवली तर पुढची कित्येक वर्षं आपण ज्या आकारावर पहारा देणार, तो ज्यानं घडवला त्यालाच नको असलेला असेल.

तिनं पंजा काढला.

"मारा," ती म्हणाली. "पण हा शेवटचा. अर्ज गेला की ही किटली अशीच राहील. उद्या तुम्हाला दुसरं काही दिसलं, तर ती वेगळी किटली, वेगळा अर्ज. कबूल?"

म्हाताऱ्यानं हातोडीचं टोक दांडीच्या बुडाशी नेलं, परत घेतलं.

"शेवटचा म्हंतीस?"

"शेवटचा."

"मग नीट बगू दे."

बाहेर कुणीतरी दार हलवलं. कडी खडखडली. हारुतोशींनी जाऊन खांदा लावला. म्हाताऱ्याला घाई नव्हती. त्यानं डावीकडून पाहिलं, वाकून पाहिलं, अंगठ्यानं चाचपलं. मग एकच ठोका, इतका हलका की तांब्यापेक्षा पावडरच जास्त हलली. हातोडी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "झाली."

सगळे फोटो पुन्हा काढले. सुमिएनं आधीचे वकीलबाईंना टाकून द्यायला सांगितले आणि फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडं बटणांचा आवाज, बाईंचा श्वास, परत बटणं. "उजवीकडचा अंधुक आहे," बाई म्हणाल्या. परत काढला. खिडकीच्या फटीशी एक सावली आली. सुमिएनं सरकून पाठीनं फट झाकली.

"मिळाला," बाई म्हणाल्या. "अर्जाचा नंबर आला. आजपासून सहा महिने आहेत तुमच्या हातात. आता कुठले देश, ते सावकाश ठरवू."

सुमिएनं ओल्या फडक्यानं किटली पुसली. पावडरीखालून तांबं लाल होऊन वर आलं. थोरल्या मालकांनी ती दोन्ही हातांत घेतली, भात्यापुढच्या मोकळ्या जागी ठेवली आणि टाळ्या वाजवून नमस्कार केला. दांडीकडं त्यांची नजर गेली. सुमिएला ती दिसली. म्हाताऱ्यानं हात पाठीमागं बांधून घेतले.

तिनं कडी काढली. कागामी सगळ्यांच्या पुढं, हातात फोन आधीच उघडा.

"काढू का?"

"काढा," सुमिए बाजूला होत म्हणाली. "पोटभर काढा."