राशीपाशी काढलेले जोडे

आमच्या शेवंतामामीला गावात ‘हेलिकॉप्टरवाली’ म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. बिरसा तहसिलीतल्या आमच्या गावावरून पोलिसांचं हेलिकॉप्टर जाऊ लागलं की ही बाई हातातलं काम टाकून अंगणात. चुलीवर भात करपो, म्हशीनं बादली लाथाडो, तिला कशाचं काही नाही. आवाज डोंगराआड बुडेपर्यंत मान वर. मी तिचा भाचा, शेजारीच राहतो, आणि खरं सांगायचं तर कधीकधी मलाही तिचा राग यायचा.

तिचं एक शास्त्र होतं. जड आवाज करत जंगलाकडे गेलं, तर जवानांना शिधापाणी न्यायला. डोंगरावर घिरट्या घातल्या, तर माणसं उतरवायला; सालवृक्षांच्या दाट रानात उतरायला जागा नसते, मोकळं टेकाड शोधावं लागतं. आणि जंगलातून उठून कुठं न वळता सरळ गोंदियाच्या इस्पितळाकडे निघालं, तर आत जखमी. हे सगळं तिनं इकडून तिकडून ऐकून जमवलेलं, आणि बरेचदा साफ चुकायचं. एकदा तर प्रचाराच्या हेलिकॉप्टरपायी बाईनं दिवसभर अन्नाला हात लावला नाही. आतला पुढारी तिकडे सभेत हार घालून घेत होता.

गाव हसायचं, कारण गावाला ठाऊक नव्हतं. मामीचा एकुलता एक हेमराज रायपूरला सिमेंटच्या कंपनीत आहे, असंच सगळे समजत. खरं म्हणजे तो याच जंगलात, नक्षलवाद्यांच्या मागावर फिरणाऱ्या तुकडीत होता. ज्या घरचा पोरगा अशा तुकडीत, त्या घरावर जंगलातल्यांची नजर जाते. पलीकडच्या गावातल्या एका बापाला असंच घरातून उठवून नेलं होतं. तो परत आला नाही. म्हणून ही गोष्ट आम्हा तिघांतच होती: मामी, महागूमामा आणि मी. मोहिमेवर गेला की हेमराजचा फोन बंद. मग आईनं आभाळाकडे पाहायचं नाही तर कुठं?

एका साली धान निघालं होतं. आता गावात थ्रेशर येतं, पण मामीचा हट्ट असा की रास लागेल ती शेणानं सारवलेल्या आपल्या खळ्यावरच. राशीभोवती राखेची रेघ ओढली की खळ्यावर पायताण घेऊन कोणी यायचं नाही. लहानपणी हेमराज आणि मी एकदा तसे शिरलो, तेव्हा आमच्याच चपलांनी आमची पाठ शेकली होती. मामीच्या हाताला वजन आहे.

सकाळपासून ती सैरभैर होती. सूप उचलायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. दुपारी रानाच्या अंगानं ठो-ठो आवाज आले. फटाके कोण फोडणार तिकडे? मामानं तिच्याकडे पाहिलं, तिनं मामाकडे.

थोड्या वेळानं झाडीतून जवान बाहेर पडले. त्यांच्या खांद्यावर स्ट्रेचर, स्ट्रेचरवर एक जखमी. आमचं खळं गावाबाहेर, उंचावर, त्याच्यामागे मोठं पडीत रान. साहेबानं जखमीला खळ्याच्या सपाटीवर ठेवायला लावलं आणि पडितात रंगीत धूर सोडला, म्हणजे हेलिकॉप्टरवाल्याला जागाही दिसावी आणि वाराही कळावा. तेवढ्यात सगळं गाव गोळा झालं.

जखमीच्या तोंडावर पट्ट्या होत्या, आणि त्याही रक्तानं भिजलेल्या. बाकीच्यांची तोंडं काळ्या फडक्यात. जखमीची उंची हेमराजची, रंग हेमराजचा. मामा तिथंच खाली बसला. मामी हातात सूप घेऊन उभी. तिला विचारता येत नव्हतं. नाव तोंडातून निघालं असतं तर पोरगा मेलेला असो की जिवंत, घर उघडं पडलं असतं. आयुष्यात मी एवढा कधी भ्यालो नाही.

सगळ्यांच्या मागून एक जवान आला. त्याच्या खांद्यांवर दोन बंदुका, एक आपली, एक जखमीची. राखेच्या रेघेशी आला आणि थांबला. खाली बसून त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट रेघेबाहेर नीट जोडून ठेवले, आणि अनवाणी येऊन जखमीची सलाईनची बाटली वर धरली. बाकीचे बूट घालूनच खळं तुडवत होते. ते लांबच्या भिंड-रीवाकडचे, त्यांना आमच्या खळ्याची रीत काय माहीत!

शेजारचा सुखराम त्याच्याकडे टक लावून पाहू लागला. सुखरामचे डोळे तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

“हा तं आपल्याच इकडचा दिसते,” तो म्हणाला. “कोनाचा पोरगा होय गा हा?”

माना वळल्या. अनवाणी जवानानं तोंड जखमीकडे फिरवलं. आता बूट घालून उपयोग नव्हता.

मामीनं सूप फेकलं.

“मीच सांगतलं त्याले, जोडे काढ म्हून,” ती कडाडली. “त्यानं ऐकलं. बाकीच्यायले कान नाहीत का? निकालो जूते, सब के सब! रास आहे इथं, लक्ष्मी आहे!”

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तोवर तिनं ओठही उघडला नव्हता.

साहेब भडकला. अम्मा, इथं माणूस मरतोय, असं हिंदीत ओरडला. तिनं ऐकलं नाही. एका जवानाचा बूट धरून ओढू लागली. गावाची मान खाली गेली. बायांनी तिला धरून मागे नेलं, सुखरामनं कपाळाला हात लावला, आणि त्याचा प्रश्न त्या गोंधळात कुठल्या कुठे गेला.

हेलिकॉप्टर उतरलं. धानाचं तणस उडालं, राख उडाली, राशीचा माथा विस्कटून धान पडितापर्यंत गेलं. जखमीला आत चढवलं. अनवाणी जवानानं बूट घातले आणि इतरांबरोबर तो पुन्हा झाडीत शिरला. त्यानं आईकडे पाहिलं नाही. तीही त्याच्याकडे पाठ करून शिव्याच घालत राहिली.

माणूस मरणाच्या दारात आणि म्हातारीला जोड्यांची पडली, ही गोष्ट गाव अजून लग्नाकार्यात रंगवून सांगतं. मामी समोर असली तरी सांगतं. ती ऐकून घेते.

संध्याकाळी ती सांडलेलं धान झाडूनं गोळा करत होती. मी हळूच म्हणालो, मामी, आता तरी निवांत जेव, धडधाकट आहे तो, डोळ्यांनी पाहिलंस.

तिचा झाडू थांबला नाही.

“धडधाकट? पाय पाह्यले का तू त्याचे? बोटायच्या मधात सारं कुजलं आहे. किती दिस ओल्या बुटात असंन पोरगा. आन मी शिव्या देत राह्यली. बोटभर तेल नाही लावता आलं मले.”