दोन्ही गाड्यांना एकच माल

निलंग्याच्या बस स्टँडसमोर मोटारीच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं आणि त्या दुकानात सीलबंद खोकं कधी मिळायचं नाही. मालकीण शिवकांताक्का प्रत्येक खोकं स्वतः फोडायची, आतला भाग हातात घेऊन पारखायची आणि मगच फळीवर ठेवायची. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची, सील फुटलेला माल नको म्हणून पुढच्या दुकानात जायची. अक्का खुशाल जाऊ द्यायची. "सील काय गाडीला खाऊ घालायचंय का?" एवढंच म्हणायची.

मी पंचाक्षरी, तिच्या शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री. गावात अजून कुणी तिला हेकट म्हटलं की माझं डोकं फिरतं. हेकट ती होतीच. पण त्या हेकटपणानं किती माणसं धड घरी पोचली, त्याचा विचार कुणी करत नाही.

नवरा चंद्रप्पा काविळीनं गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, दुकान विका, बाईमाणसाला नट-बोल्टातलं काय कळतं? महिन्याच्या आत ती गल्ल्यावर बसली. पहिल्याच वर्षी फसली. नामांकित कंपनीचं सीलबंद खोकं तिनं भरवशानं औरादच्या एका ड्रायव्हरला दिलं. खोकं खरं होतं, आतला माल नकली. जीप ओढ्यात गेली. ड्रायव्हर हात गळ्यात बांधून आला, तुटलेला भाग फळीवर ठेवला आणि निघून गेला. त्या दिवसापासून ती खोकी फोडायला लागली.

स्वस्त माल तिला वर्ज्य नव्हता. आरसा, भोंगा, पायाखालची चटई, यातलं हलकं घ्या म्हणून ती स्वतःच सांगायची. "भोंगा वाजला न्हाई तर तोंडानं वरडता येतं. चाक वळलं न्हाई तर कुणाच्या नावानं वरडणार?"

लातूर नवा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. उस्मानाबादच्या खेपा संपल्या, कचेऱ्या आल्या, गाड्या वाढल्या. मग शहाऐंशीचा दुष्काळ पडला. रस्त्यांवर घोट्याघोट्याएवढा फुफाटा. स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी जी दांडी असते, तिच्या टोकाला गोळ्याचा सांधा असतो आणि त्यावर रबरी टोपी. हलक्या मालाची टोपी उन्हानं चिरायची, आत फुफाटा शिरायचा, सांधा महिन्याभरात खिळखिळा व्हायचा. भारी माल तिप्पट किमतीचा, पण तग धरायचा.

माधवरावांच्या दोन गाड्या होत्या. एक त्यांची स्वतःची ॲम्बेसेडर. दुसरी जीप, जिच्या मागं पाण्याची टाकी जोडून त्यांचा ड्रायव्हर नरसिंग खेडोपाडी पाणी पोचवायचा. माझ्या गॅरेजची आणि अक्काच्या दुकानाची जागा माधवरावांचीच. दोन्ही गाड्यांचे सांधे गेलेत, दोन्ही बदला, असं मी सांगितल्यावर ते दुपारचे दुकानात आले. हातात लातूरहून आणलेली पुडी.

"मोटारीला भारीतलं द्या," ते म्हणाले. "जीपचं मी आणलंय. तिला हलकं चालतं. दुष्काळ सरला की विकायचीच हाय."

नरसिंग पायरीवर उभा होता. त्यानं मान खाली घातली.

अक्कानं पुडीतला सांधा उचलून आडवा धरला. नव्या सांध्यातल्या गोळ्याची खुंटी ताठ राहायला हवी, हातानं जोर लावला तरच हलायला हवी. ही आपल्या वजनानंच लुडकन खाली पडली.

"बगा, आताच मान टाकली," अक्का म्हणाली. "मालक, दोन्ही गाड्यांना एकच माल. न्हाईतर एकीला बी न्हाई."

"अक्का, गिऱ्हाईक मी हाय."

"दुकान माझं हाय."

"अन् जागा माझी हाय!"

"मंग जागा घ्या. मोटारीचा माल न्हाई मिळायचा."

माधवराव लालबुंद झाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, जीपला हेच बसव."

सांगायला लाज वाटते, पण मी पाना उचलला. माझं गॅरेजही त्यांच्याच जागेत, घरात खाणारी सहा तोंडं.

अक्का शांतपणे म्हणाली, "बसव की, पंचाक्षरी. पण पैली फेरी कुणाची?"

आमच्या धंद्यातला हा रिवाज. स्टेअरिंग खोललं की पहिली फेरी मिस्त्रीनं मारायची आणि शेजारी मालकानं बसायचं. माझ्या वस्तादानं मला गाडी शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. माधवरावांना मात्र मी आजवर कधी बसा म्हटलं नव्हतं, नरसिंगालाच बसवत आलो होतो. त्या दिवशी पाना हातातच राहिला.

"मालक," मी म्हणालो, "बसवतो. पण उताराच्या रस्त्यानं फेरी मारू. तुमी बसा शेजारी."

"मला येळ न्हाई."

नरसिंगानं खिशातून जीपची किल्ली काढली आणि अक्काच्या फळीवर ठेवली. "तुमाला येळ न्हाई, तर मला बी न्हाई."

"आठ दिसांत जागा खाली करा!" माधवराव अक्कावर ओरडले आणि निघून गेले.

अक्कानं तीन दिवसांत जागा सोडली. रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली ताडपत्री ताणली आणि लाकडी फळ्या मांडल्या. जीप उभीच होती. टाकीची वाट बघणाऱ्या गावातल्या दोन बायका घागरी घेऊन चालत आल्या आणि अक्काला नाही नाही ते बोलल्या. तिच्या हट्टापायी लेकरं तहानली म्हणाल्या. तेवढं एकच तिच्या जिव्हारी लागलं. तिनं त्यांच्या घागरी आपल्या रांजणातल्या पाण्यानं भरल्या, तिच्या घरासाठी तळाशी उरलं तेवढंच. "पानी आननारा माणूस जित्ता ऱ्हायला पायजे, बायांनो," ती म्हणाली.

त्या बायका तिथून थेट माधवरावांच्या दारात जाऊन बसल्या. उठेनातच. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसिंग निरोप घेऊन लिंबाखाली आला. मालकांनी दोन्ही गाड्यांचा माल मागवला होता, भारीतला.

मी माल बसवला. फेरीला माधवराव जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. उताराला त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली. जीप सुतासारखी सरळ उतरली. परत आल्यावर ते खाली उतरले आणि अक्काला म्हणाले, "झालं गेलं सोडा. जागा तुमचीच हाय, या परत."

"कामून?" अक्का खोकं फोडत म्हणाली, मान वर न करता. "हितं बरं हाय की. जागेवरून धमकी देनारं कुणी न्हाई."

माधवराव माझ्याकडं बघायला लागले. या खेपेला मी नजर खाली घातली नाही. दुसऱ्या दिवशी पाने, हातोडे, जॅक पोत्यात भरले आणि लिंबाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसलो.