मेल आला होता

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सांगलीला बहीण आहे, तिच्यापासून माझं काही लपत नाही असं ती सगळीकडे सांगते — हे लपलंय. चार वर्षं लपलंय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या दुकानात कधी येणार नाही. आणि आलात तरी मला ओळखणार नाही. चांगली बाई वाटते मी. सगळ्यांनाच वाटते.

बोईसरला माझं मोबाईलचं दुकान आहे. नवरा एमआयडीसीत बॉयलरवर, तीन पाळ्यांत. त्यामुळे दुकान माझं एकटीचं. सिम, रिचार्ज, कव्हर, काच बसवणं, ही झाली पाटीवरची कामं. पण खरं काम म्हणाल तर लोकांचे ईमेल सांभाळणं. हसू नका. इथे फॉर्म कसलाही भरायचा असो, ईमेल मागतात. मग माणूस येतो माझ्याकडे — वैनी, एक ईमेल काढून द्या. मी काढते. पासवर्ड लिहून द्यायला गेले की म्हणतात, तो तुमच्याकडंच राहू दे, आमी कुटं लक्षात ठेवणार? म्हणून एक हिरवी वही आहे. देव्हारा असावा तसा घरात एकच ईमेल, बापाच्या नावाचा, आणि त्याची किल्ली माझ्या वहीत. महिन्यातून दोनदा येऊन विचारतात, आमचं काय आलंय का बघा. मी बघते. एवढा विश्वास कुणी बँकेवरसुद्धा टाकत नाही.

आणि त्यांची एक समजूत आहे. पक्की. मेल सिममधून येतो. रिचार्ज मारलाय, दांड्या भरलेल्या दिसतायत, म्हणजे मेल आलाच पाहिजे — नाही आला तर दोष कंपनीचा. टावर फुल हाय, मग मेल का नाय? शंभर जणांना मी समजावलं असेल. बाबांनो, मेल सिमकंपनीचा नसतो. तो आपल्या जागी पडलेला असतो, कुठल्याही फोनवरून उघडा. कंपनी म्हणजे नुसता रस्ता. मान हलवतात. आणि पुन्हा तेच — पण आमी रिचार्ज मारलाय ना? त्यांचं तरी काय चुकतं? आपल्यासाठी निघालेली वस्तू आपल्याला मिळावी, एवढंच मागतात.

एकदाच मी समजावलं नाही. त्याचंच सांगायचंय.

घिवलीचे दामूभाऊ. पूर्वी समुद्रावर जायचे, मग गुडघे गेले तसे जाळी विणायला बसले. माझं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासूनचं. त्यांचं सिम मीच दिलं, ईमेल मीच काढला. सिम देताना मशीनवर अंगठा घेतात, माहीत असेल तुम्हाला. दामूभाऊंच्या अंगठ्यावर रेषाच राहिलेल्या नाहीत — दोर ओढून ओढून गुळगुळीत. मशीन घेईना. पुसून पुन्हा ठेवा म्हटलं. दुसऱ्यांदा घेतला. बस्स, एवढंच झालं होतं. वर्षभराने त्यांना कुणीतरी सांगितलं की आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं. यांनी बघायला लावलं. दोन निघाली.

दोनदा अंगठा, दोन सिम. हिशेब जुळला की त्यांचा.

माझ्याकडे येऊन विचारलं असतं तर? एका शब्दाने? नाही. शनिवारच्या भर गर्दीत, दुकानासमोर उभं राहून ओरडले. ही बाई अंगठे चोरते. गोरगरिबांच्या नावावर सिम काढून इकते. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यातल्या दोघींनी आपला फोन काउंटरवरून उचलून घेतला. माझ्या डोळ्यांदेखत. मग त्यांनी कंपनीकडे तक्रार केली. कंपनीचा एक साहेब आला, पालघरहून — मला एक प्रश्न विचारला नाही त्याने. सिम विकायचा माझा नंबर बंद केला, दोन माणसं शिडी लावून पाटी उतरवून घेऊन गेली. बारा वर्षं त्या कंपनीचं नाव माझ्या दारावर होतं. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला, बाजारात सगळे तो बघून जायचे.

मी ते सिम काढलं नव्हतं. हे एकदा सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही माझं काही ऐकणार नाही.

तुम्ही म्हणाल, विसरायचं. माझा नवरा पण तेच म्हणाला. मला विसरता येत नाही. आमच्या घराण्यातच नाही ते — माझी आत्या भावकीतल्या एका जावेशी तीस वर्षं बोलली नाही, आणि मेली तेव्हाही म्हणाली, तिला दारात येऊ देऊ नका. मी रोज त्या डागाकडे बघायची आणि दामूभाऊंचं काय करता येईल याचा विचार करायची. भाजी चिरताना करायची. मजा यायची मला त्यात, खोटं कशाला सांगू?

आणि बघा, माझ्यावर एवढं तोंड सोडलेला माणूस, त्याचा ईमेल माझ्याच वहीत. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही! सिम म्हणजे एक वस्तू, मेल म्हणजे दुसरी, हे त्याच्या लेखी नव्हतंच. तो स्वतः दुकानाची पायरी चढत नव्हता, पण काम अडलं की मुलीला पाठवायचा.

सुगंधा तिचं नाव. नर्सिंग केलेली. घिवलीहून रोज वाहन बदलत बदलत जाऊन शिकली पोरगी, केळवा-माकुणसारकडच्या मुलींबरोबर. बापाने माझा तमाशा केला त्यानंतर पहिल्यांदा आली तेव्हा पायरीवरच थांबली होती. म्हणाली, मावशे, बाबांच्या तोंडाला लागू नको, ते तसेच हाय. मी म्हटलं, तुझा काय दोष गं, ये. तेव्हा मी मनापासून म्हटलं होतं. खरंच.

आता मुद्द्यावर येते. येते येते म्हणून टाळतेय, मला कळतंय.

त्या दिवशी दुपारी ती फोन घेऊन आली. एका मोठ्या इस्पितळात तिने अर्ज केला होता, परीक्षा पास झाली होती, आता फक्त कागदपत्रं तपासायला बोलावणार होते. मेलवरच कळवू, असं जाहिरातीत लिहिलेलं. आणि चार दिवस फोनवर एकही मेल नव्हता. मावशे, बघ ना गं, टावर तर फुल हाय.

मी फोन हातात घेतला. बॅटरी वाचवायच्या नादात कुणीतरी मेल आपोआप यायचं बटणच बंद केलेलं. एका बोटाचं काम. पण मी आधी दुकानाच्या कॉम्प्युटरवर दामूभाऊंचा मेल उघडला. पडदा माझ्याकडे, त्याची पाठ तिच्याकडे. सगळ्यात वर तोच होता. गुरुवारी सकाळी दहा वाजता मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. गैरहजर राहिल्यास निवड रद्द समजण्यात येईल. त्या दिवशी मंगळवार होता.

मी तो दोनदा वाचला. मग वर नाव वाचलं. नाव तिचं — पण आडनाव त्याचं, आणि मध्ये बापाचं नाव. दामोदर. मला तेवढंच दिसलं, बघा. भर बाजारात ओरडणारा तो माणूस दिसला. आणि डोक्यात आलं, आता ओरड. आता कुणावर ओरडशील?

पलीकडे ती डॉक्टरकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती.

मी मेल काढून टाकला. टाकलेले मेल एका टोपलीत पडतात, तिथूनही काढला. कायमचा काढायचा का, असं विचारतो कॉम्प्युटर. विचारतोच तो. मी हो म्हटलं.

मग फोनवरचं बटण चालू केलं. लगेच टिंग टिंग टिंग — चार दिवसांचे साठलेले मेल, साड्यांच्या जाहिराती, लॉटरी, कुठलं कुठलं काय. सुगंधा काउंटरवर वाकली. आले, आले! एकेक उघडून बघायला लागली. शेवटपर्यंत बघितलं. इस्पितळाचा नाय आला अजून, म्हणाली. मी म्हटलं, चार दिवस कंपनीचा घोळ होता गं. जे यायचं ते आलं, बाकीचं गेलं असेल तर कंपनीलाच ठाऊक. किती सहज म्हटलं! तिने माझे आभार मानले आणि गेली.

माझ्याकडे बुधवार होता. अख्खा बुधवार. फोन करता आला असता, मेल आत्ताच दिसला म्हणता आलं असतं. मी त्या दिवशी दुकान झाडून काढलं, काचेची कव्हरं रंगाप्रमाणे लावली. गुरुवारी दहा वाजले तेव्हा घड्याळाकडे बघून चहा प्यायले. आनंद झाला होता मला.

दोन आठवड्यांनी तिच्या माकुणसारच्या मैत्रिणीने विचारलं, तू का नाही आलीस? तेव्हा कळलं. इस्पितळात विचारलं तर ते म्हणाले, आम्ही सोमवारीच पाठवला होता, आता यादी बंद झाली. मग काय! दामूभाऊ तडक कंपनीच्या पालघरच्या दुकानात. आमच्या पोरीचा मेल खाल्लात तुमी, महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारतो ते कशाला? ती बिचारी पोरं सांगतायत, काका, मेल आमच्याकडे नसतो. हे खरं होतं. आणि कोण विश्वास ठेवतंय? साप सोडून माणूस भुई धोपटत होता.

कंपनीला लेखी तक्रार द्यायची ठरली. इंग्रजीत. आली कुणाकडे? सुगंधा माझ्याकडे आली, आणि मी ती तक्रार लिहून दिली. चांगली लिहिली. माझी पाटी ज्या कंपनीने न विचारता उतरवली, तिला मी पानभर झोडपलं, दामूभाऊंच्या नावाने. उत्तर आलं, ईमेल आमच्या सेवेत येत नाही. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, सगळ्याच कंपन्या असं म्हणतात. दामूभाऊंनी नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेला. त्यांचं ऐकून आळीतल्या कितीतरी जणांनी नेला. एका दगडात दोन पक्षी — रात्री नवऱ्याला वाढताना मी गुणगुणत होते, तो म्हणाला, आज स्वारी खूश?

वड्याचं तेल वांग्यावर काढलं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं नाही.

पण इथे संपलं असतं तर मी कदाचित जन्मभर तोंड उघडलं नसतं. पुढच्या वर्षी दामूभाऊ आले. स्वतः. पायरी चढले, तेही शनिवारीच, गर्दी असताना. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. म्हणाले, वैनी, ते दुसरं सिम मीच घेतलेलं. टेशनवर छत्रीखाली फुकट वाटत होते, तवा. जुन्या डबड्या फोनात सापडलं. मी तुमच्यावर आळ घेतला, चारचौघांत घेतला, म्हणून चारचौघांत सांगतो — चूक माजी. आणि त्यांनी हात जोडले. म्हाताऱ्या माणसाने. सगळे ऐकत होते.

काय वाटलं मला? सांगू? राग आला. माझ्याकडे त्यांच्याविरुद्ध होतं नव्हतं ते सगळं या माणसाने एका मिनिटात काढून घेतलं. त्यांना जमलं ते. चूक केली, बोलले, मोकळे झाले. तेव्हा माझं तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या दामूभाऊ, माणूस आहे, चुकतो. मोठ्या मनाची झाले बाजारात. बोंबील घरी नेले, चटणी केली, नवऱ्याने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही — त्यांच्यावरचा माझा राग अजून आहे. पूर्ण गेलेला नाही. पश्चात्ताप झाला म्हणून सांगतेय असं समजू नका.

सुगंधा आता बोईसरलाच एका छोट्या दवाखान्यात आहे. सुया देते, केसपेपर लिहिते, झाडूसुद्धा मारते. ती जागा गेल्यावर दोन भरत्या झाल्या, त्यात तिचं नाव लागलं नाही. वय वाढत चाललंय. मोठ्या इस्पितळातली ती माकुणसारची मैत्रीण आता वॉर्डची मुख्य आहे, हे मला सुगंधानेच सांगितलं, कौतुकाने.

गेल्या सोमवारी ती पुन्हा फॉर्म भरायला आली. वयाच्या अटीत बसणारा हा शेवटचा, म्हणाली. मी एकेक रकाना विचारत टाइप करत होते. ईमेलशी आले, आणि सवयीने दामूभाऊंचा टाकायला लागले, तर तिने काउंटरवरून माझा हात धरला.

मावशे, तो नको. त्याच्यावर माजा भरवसा नाय. तुजा टाक. तुज्याकडे आलेला कंदी हरवायचा नाय.

मी माझा टाकला. नेहमीसारखाच टाकला, एकदा वाचून दाखवला, आणि तिने बरोबर आहे म्हटल्यावर फॉर्म पाठवून दिला.