सुपारी खाल्लीत ना?

परवा दातांच्या कॉलेजात दाढ भरून घ्यायला गेले. शिकणाऱ्या मुलीने मसाला भरला, तो घट्ट करायला निळा दिवा धरला आणि डोळे दिपले म्हणून मान फिरवली. तिला शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या, "अगं, दिवा गालाकडे गेला! नारिंगी चष्मा लाव आणि दाढेकडेच बघ. नाहीतर वरून कडक, आत कच्चं राहतं."

दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली वीस वर्षं मीही असाच दिवा धरला, बघून बघून शिकलेली, आणि धरताना कायम खिडकीबाहेर बघायची. भरलेलं पडलं की पेशंटलाच दटावायची, "सुपारी खाल्लीत ना?" शेवंताबाई तर एकाच दाढेसाठी तीनदा आल्या. "सोडली हो ताई, शपथ," म्हणाल्या, तरी मी हसले. शेवटी त्यांची दाढच काढावी लागली. वरवर घट्ट दिसलं की आपण आत बघतच नाही, माणसांच्या बाबतीतसुद्धा.

मुलगी वाकून म्हणाली, "आजी, चुकलं माझं. परत धरते हं."

किती सहज म्हणाली! तेवढंच म्हणायला काल मी शेवंताबाईंच्या फाटकापर्यंत गेले. त्यांनीच हाक मारली, "या ना ताई, चहा टाकते."

मी म्हटलं, "नको, घाईत आहे."