रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. ताईनं ती दुसऱ्यांच्या तोंडून विकली. फ्रिज आणि धुण्याची मशीनं विकणाऱ्या कंपनीत फोनवरच्या मुलींनी काय बोलायचं, ते ताई लिहून द्यायची. नवं मशीन गळ्यात कसं मारायचं, बिघडलं की शिव्या कशा झेलायच्या, सगळं तिच्या हातचं. त्यातही रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेल्या कागदावर तिचा भारी जीव. त्याचंच म्हणणं त्याला हळू आवाजात परत सांगायचं, माफी मागायची, जरा थांबायचं, मग म्हणायचं, "तुमच्या जागी मी असते तर मलाही असाच संताप आला असता." त्या कागदात 'नाही' हा शब्द कुठेच नव्हता. 'नाही' ऐकलं की माणूस पेटतो, असं ती नव्या मुलींना बजावायची.

एका दुपारी धाकटी बहीण तिच्याकडे आली ती एक डोळा सुजून मिटलेला. नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं होतं, बक्कल लागलं होतं. पोलिसांत जाऊ म्हटलं तर धाकटीनं तिचा हात घट्ट धरला. "तो सुटून आला की जीवच घेईल गं माझा." आता ताईनं काय करावं? जे येत होतं तेच केलं. बहिणीला समोर बसवून तो कागद पाठ करून घेतला. कुठे थांबायचं, तेही शिकवलं.

आणि मेलं ते चाललं! तो हात उगारायचा, धाकटी त्याचंच म्हणणं हळू आवाजात त्याला ऐकवायची, आणि तो गोंधळून खाली बसायचा. "जादू आहे तुझी," धाकटी म्हणाली. ताई हुरळून गेली. ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

एक गोष्ट मात्र या शहाणीच्या ध्यानातच आली नाही. धाकटीच्या घरातला फ्रिज त्याच कंपनीचा होता, ताईनंच सवलतीत घेऊन दिलेला. तो बंद पडला. नवऱ्यानं कंपनीला फोन लावून तोंडाला येईल ते सुनावलं. पलीकडच्या मुलीनं माफी मागितली, जरा थांबली आणि म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मलाही असाच संताप आला असता."

तो तसाच स्वयंपाकघरात आला. "मी गिऱ्हाईक काय गं तुझं?" पहिला फटका हातातल्या फोनचाच बसला. मग केस धरून त्यानं तिचं तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं, पत्रा आत जाईपर्यंत आपटत राहिला. जबडा दोन जागी मोडला. शेजारणीनं माणसं गोळा केली म्हणून धाकटी वाचली.

दवाखान्यातून ताईनं तिला आपल्या घरी आणलं. जबडा तारांनी बांधलेला, नळीनं दूध प्यायची. तिच्याकडे बघितलं की ताईला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटायचं. नवऱ्याला पकडलं होतं, पण तो लवकरच जामिनावर सुटला आणि धुतलेला शर्ट घालून ताईच्या दारात उभा राहिला.

"ताई, तिला पाठवा. घरचं भांडण घरात मिटवू."

ताईच्या जिभेवर सवयीनं आलंच, "तुमचं म्हणणं..." आतल्या खोलीत धाकटी कण्हली. ताईनं वाक्य गिळलं.

"नाही," ती म्हणाली.

तो पेटला. एवढ्यापुरता तरी कागद खरा होता. त्यानं तिचा गळा धरायला हात आत घातला आणि ताईनं सगळा भार टाकून दार लोटलं. त्याची बोटं चौकटीत सापडली. हाड मोडल्याचा आवाज तिला नीट ऐकू आला, आणि खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

बाहेर तो गुरासारखा ओरडला. मग आवाज खाली आला. "चुकलो ताई, माफ करा." जरा थांबला. "तुमच्या जागी मी असतो तर मलाही असाच संताप आला असता."

ताईचा खांदा ढिला पडला. तिचंच वाक्य, तिच्यावरही चाललं.

तेवढ्यात मागून धाकटी आली. तिनं दाराला पाठ लावली, पाय रोवले आणि दार दाबलं.