दोन कुप्या, एक खण

आमच्या व्हावाऊ बेटांवर भूल देणारी एकटी कालेसिता. डॉक्टर येत-जात राहायचे. ती एकोणीस वर्षं तिथंच. मी बाळंतपणाच्या वॉर्डातली नर्स.

त्या सकाळी लोसेचं सीझर होतं. कण्यात भुलीची सुई घ्यायला ती पाठ वाकवून बसली होती, मी तिचे खांदे धरले होते. कालेसितानं सिरिंज भरली. ट्रेमधल्या फोडलेल्या कुपीकडं माझं लक्ष गेलं. ते रक्तस्राव थांबवायचं औषध होतं. शिरेतून दिलं तर जीव वाचवतं, पाठीच्या कण्यात गेलं तर जीव घेतं. भुलीची कुपीही अगदी तश्शीच, त्याच खणातली.

"ताई, थांब! कुपी बघ आधी."

तिनं पाहिलं. सिरिंज टाकून दिली, दुसरी भरली. लोसेला मुलगी झाली.

नंतर मेट्रननं आम्हा दोघींना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "झालं का कुणाला काही? मग तोंड मिटून बसा. उद्या भूल काय मी देऊ?"

"निदान खण तरी वेगळे करा," मी म्हणाले.

"जागा आहे कुठं?"

कालेसितानं बदली मागितली. उत्तर आलं, दुसरं माणूस मिळेपर्यंत थांबा. दोन वर्षं ती तोच खण उघडत राहिली. रविवारी चर्चमध्ये लोसे लाडानं लेक तिच्याच मांडीवर द्यायची. "ती मांडीवर आली की मला श्वास घेववत नाही गं," कालेसिता मला म्हणाली.

शेवटी तिनं लोसेला सगळं सांगून टाकलं. लोसेनं पोर उचललं आणि निघून गेली. आठवड्यात गावभर झालं. बायका ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "हिच्या हातात पाठ द्यायची म्हणजे आधी मृत्युपत्र करा!"

मग राजधानीतले आरोग्य अधिकारी गावसभेला आले. सगळे चटयांवर बसलेले. लोसे उभी राहिली. "हिला न सांगताही निभावून नेता आलं असतं, तरी हिनं सांगितलं. मला एवढंच विचारायचंय, त्या दोन कुप्या अजून एकाच खणात आहेत?"

"आहेत," मेट्रननं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी रक्तस्रावाचं औषध ऑपरेशनच्या खोलीबाहेर, भिंतीवरच्या पेटीत गेलं. भुलीच्या कुपीवरचं नाव दोघींनी वाचल्याशिवाय ती फोडायची नाही, असंही ठरलं.

पुढच्या वर्षी लोसे पुन्हा सीझरला आली.

"लोसे, मी..."

"माझी समजूत घालू नकोस. मोठ्यानं वाच. मला ऐकू आलं पाहिजे."

आम्ही दोघींनी वाचलं. मुलगा झाला. कालेसिताच्या बदलीचं पत्र मात्र अजून आलेलं नाही.